वीतभराचा फरक

भर सकाळी साडेनऊ वाजता एक उंच माणूस रस्त्यावर पालथा पडला होता आणि त्याचं डोकं गटाराच्या चेंबरमध्ये होतं.

लोक त्याला वळसा घालून जात होते. "सकाळी सकाळीच लावलेली दिसतेय," असं कुणीतरी म्हणालंही. पण पिऊन पडलेला माणूस आधी लोखंडी झाकण काढून नीट बाजूला ठेवत नाही, आणि आपल्याभोवती लाल फडकी बांधलेल्या तीन काठ्याही उभ्या करत नाही. हे येणाऱ्या-जाणाऱ्यांत फक्त एकीच्या लक्षात आलं. ती थांबली. ऑफिसला उशीर होत असूनही थांबली, आणि ती उशीर करणाऱ्यांतली नव्हती.

"ओ ताई, एक मिनिट—" डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला. त्याला तिची फक्त पावलं दिसत असावीत. "तिथे आरसा पडलाय बघा. जरा ऊन आत पाडता का?"

तिने खांद्यावरची पिशवी फुटपाथवर ठेवली, आरसा उचलला, मनगट जरासं वळवलं. ऊन थेट चेंबरच्या तळाशी जाऊन उभं राहिलं.

"अहाहा... बास! हलू नका. वा, तुमचा हात फार स्थिर आहे हो."

"सवय आहे."

"आरशाची?"

"चेंबरची."

 मग आधी एक ओली टेप वर आली आणि तिच्या मागोमाग डोकं. कपाळावर चिखल, केसांत कोळ्याचं जाळं, आणि डोळे मात्र नुकतीच झोप पूर्ण झाल्यासारखे ताजे. आरशातलं ऊन आता त्याच्या तोंडावर पडत होतं. तिने आरसा लगेच खाली करायला हवा होता. तिने तो केला, पण चार-पाच सेकंदांनी. या विलंबाची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

"झाकण कुणाला विचारून काढलंत?" तिने विचारलं.

"कुणाला विचारायचं असतं?"

"मला."

ती पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण कार्यालयात तपासनीस होती. नवी इमारत बांधायची म्हटली की बांधणाऱ्याला पिण्याचं पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार, हे कागदावर दाखवून तिची सही घ्यावी लागे. आठ वर्षं ती हेच करत होती. नकाशा समोर आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "ढाळ किती दिलाय?" पाण्याला कुणी ढकलत नाही, त्याचं त्यालाच जायचं असतं, आपण फक्त वाट उतरती ठेवायची, असं तिचं म्हणणं. त्यावरून गावातल्या सगळ्या साइटवर तिचं नाव पडलं होतं ढाळबाई. तिला ते माहीत होतं. ते कोण-कोण म्हणतं, हेही.

"कोपऱ्यावरच्या प्लॉटचा इंजिनिअर मी," तो उठून कपडे झटकत म्हणाला. उठतच राहिला. बराच उंच होता. "चोवीस फ्लॅट आहेत. आजच अर्ज देणार होतो. म्हटलं, आपली लाइन जिथे जोडायची त्या चेंबरची खोली आधी आपण बघावी."

"आत वायू असतो. तोंड घालून गप्पा मारायची जागा आहे का ती? खोली आमच्या नकाशात आहे. रीतसर मागा, मिळेल. सात फूट."

"सात?"

त्याने हातातल्या टेपकडे पाहिलं. ती एका खुणेपर्यंत ओली होती. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"सात," ती म्हणाली. तो नकाशा तिला पाठ होता.

त्याने लाल फडक्याने टेप पुसली आणि गुंडाळून खिशात टाकली.

"बरं," तो म्हणाला. "सात."

*

दुपारी तो फाइल घेऊन खिडकीशी आला. चेहरा धुतलेला, केसांतलं जाळं मात्र तसंच. तिने ते सांगितलं नाही. नियमांचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"माणशी किती लिटर धरलंय ते लिहा. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, दोन्हींची मापं. पावसाचं पाणी वेगळ्या लाइनने न्यायचं, मैल्याच्या लाइनला जोडलेलं दिसलं तर तोडून टाकीन. पिण्याची लाइन आणि मैल्याची लाइन एका चरात नको. दोन्हींत दहा फूट अंतर."

"आणि अर्जदार आणि तपासनीस यांच्यात किती?"

"काय किती?"

"अंतर. कागदात दिसत नाही कुठे."

"लिहिलेलं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "म्हणूनच जास्त ठेवावं लागतं."

तिने जोडणीच्या पत्रावर 'खोली सात फूट' असं लिहून खाली सही केली. वळणदार, ठाशीव सही. पुढे त्या सहीनेच तिला सगळ्यात जास्त त्रास दिला.

साइटवर त्याला सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. एक तर उंची तशी, आणि दुसरं म्हणजे त्याला कुणाचंच पटायचं नाही. "वीट चांगली आहे" म्हटलं की हा पाण्यात बुडवून बघणार. "माल नीट कालवलाय" म्हटलं की हा मुठीत घेऊन दाबणार. साइटवरचे म्हातारे गवंडीमामा म्हणत, "आमच्या साहेबांना आईने 'जेवण तयार आहे' म्हटलं तरी ते झाकण काढून बघतील."

तिचं येणं महिन्यातून दोनदा. पाया झाला, टाकी झाली, पाइप आले. दर वेळी तो चहा मागवायचा आणि दर वेळी ती पिशवीतली स्वतःची बाटली काढायची.

"चहाच आहे हो, मॅडम."

"अर्जदाराकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

मग तो दोन्ही ग्लास स्वतः प्यायचा. सहा महिन्यांत त्याला पित्ताचा त्रास सुरू झाला, आणि तो तिने दिलेला आहे असं तो सर्वांना सांगत असे.

*

पाण्याच्या लाइनची चाचणी असते. सगळे नळ बंद करायचे, पंपाने आत दाब भरायचा आणि काट्याची तबकडी लावून एक तास बसायचं. काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे. तासभर काहीही होऊ नये, म्हणून दोन शहाण्या माणसांनी एका सुईकडे बघत बसायचं... सरकारी कामात यापेक्षा प्रेमाला पोषक दुसरं काही नसेल.

दोघं सिमेंटच्या पोत्यांवर बसली होती. मध्ये एक पोतं रिकामं.

"हलली का?" वीस मिनिटांनी त्याने विचारलं.

"नाही."

"इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं असतं तर मी हललो असतो."

"म्हणून तुम्हाला पाइप म्हणून कुणी घेत नाही."

तो हसला. हसताना तो मान जरा मागे टाकायचा. तिने पुन्हा सुईकडे पाहिलं. सुई जागच्या जागी होती. सुईचं कौतुक वाटावं असा तो क्षण.

"तुम्ही कधी चुकला नाहीत का हो?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

"कामात नाही."

"आणि कामाबाहेर?"

"कामाबाहेर संधीच मिळाली नाही."

हे तिने बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर तिला ते कळलं. वर पत्र्यावर पावसाचे चार थेंब टपटपले आणि थांबले, जणू तेही ऐकायला थबकले होते. त्याने खिशातून रुमाल काढला, त्या तबकडीची काच पुसली—जी स्वच्छच होती—आणि रुमाल परत ठेवला.

"एक तास झाला," ती उठत म्हणाली. "पास."

"कोण?"

"लाइन."

त्या रात्री जेवताना आत्याने तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. घरात या दोघीच. आई-वडील गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं, आणि आता तिला कोण सांभाळून घेईल या काळजीने आत्याची तब्येत ठणठणीत राहिली होती.

"उंच आहे का गं?" आत्याने आमटीची वाटी पुढे सरकवत विचारलं.

"कोण?"

"ते मला काय माहीत. पण हल्ली तू बोलताना वर बघतेस. समोर मी बसलेय, चार फूट दहा इंच."

"आत्या, काहीही."

"काहीही का होईना. काही आहे ना? बास."

*

इमारत उभी राहिली. रंग झाला. फक्त सांडपाण्याची लाइन तपासून रस्त्यातल्या चेंबरला जोडायची होती, की चोवीस कुटुंबं राहायला येणार. इमारतीपासून रस्त्यापर्यंत नव्वद फूट लाइन, वाटेत चार चेंबर.

या लाइनची चाचणी दिव्याने आणि आरशाने करतात. एका चेंबरमध्ये उतरून एकाने पाइपाच्या तोंडाशी दिवा धरायचा, दुसऱ्या चेंबरमध्ये दुसऱ्याने तिरका आरसा. मधला पाइप सरळ असेल तर आरशात उजेडाचा अख्खा गोल दिसतो. कुठे वाकला, खचला असेल तर अर्धा, नाहीतर कोर. लाइन अजून कोरी होती, वापरात नव्हती. ती गुडघ्यांवर बसली, काठीला बांधलेला आरसा आत सोडला.

गोल दिसला. पूर्ण, काठ न तुटलेला. पुनवेचा असतो तसा. मग दिवा जरा सरकला आणि त्या गोलात एक डोळा आला.

"मॅडम..." पाइपातून आवाज आला, शेजारी बसून बोलावं इतका जवळून. तो तीस फुटांवर होता. "दिसतोय का?"

"कोण?"

"दिवा हो."

"...दिसतोय."

"पूर्ण?"

"पूर्ण," ती म्हणाली. आणि अशा कामाला लागत नाही इतका वेळ आरसा धरून बसली.

मग शेवटच्या चेंबरपाशी येऊन तिने टेप सोडली. मंजूर नकाशावर तिथे खोली होती सात फूट. टेपवर आली सव्वासहा.

तिने पुन्हा मोजलं. सव्वासहा. चेंबरची आतली भिंत बोटाने खरवडून पाहिली. गिलावा ओलसर होता, आठवड्याभराचा. बाकीच्या तिन्ही चेंबरचंही तसंच. म्हणजे अख्खी लाइन एकदा टाकून, उखडून, पुन्हा वर घेऊन टाकली होती.

"हे नकाशाप्रमाणे नाही," ती म्हणाली.

तो समोर उभा होता. पहिल्यांदाच जरा वाकलेला.

"माझी चूक. लेव्हल वाचताना गफलत झाली. सुधारित नकाशा उद्या देतो."

"ढाळ?"

"साठ फुटांना एक फूट. नियमाइतका आहे. बघा ना."

होता. नियमाला केसभरही कमी नव्हता. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण आईने वाढलेल्या ताटाचंही झाकण काढून बघणारा माणूस लेव्हल वाचण्यात वीतभर चुकतो... हे तिच्या घशाखाली उतरेना.

निघताना फाटकाशी गवंडीमामा तंबाखू मळत बसले होते.

"ढाळबाई—म्हणजे मॅडम," ते म्हणाले, "तेवढी सही लवकर करा. तसेही आमच्या साहेबांचे चारच दिवस राहिलेत."

"म्हणजे?"

"मालकांनी काढलं ना. जोडणी झाली की सुट्टी. म्हणाले, सात न् सव्वासहा कळत नाही तो इंजिनिअर कसला? आठ दिवस खोदकाम पुन्हा झालं, लोकांना ताबा द्यायचा लांबला. पण खरं सांगू? लाइन सात फुटांवरच नेली होती आम्ही, कागदात होतं तसंच. रस्ता फोडून बघतो तर तुमचा पाइप आमच्या पाइपापेक्षा वीतभर वर! पाणी काय चढून जाणार आहे?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्याच ऑफिसातून स्वतःच्या नावे परवानगी काढली, रस्त्यातल्या त्या चेंबरचं झाकण काढून घेतलं आणि टेप सोडली.

सव्वासहा फूट.

दुपारी जुने हुकूम चाळले तेव्हा कारणही सापडलं. चार वर्षांपूर्वी दुकानांत पावसाचं पाणी शिरतं म्हणून तो रस्ता खरवडून वीतभर खाली घेतला होता. रस्त्याबरोबर झाकणंही खाली बसवली. नकाशाला मात्र कुणी हात लावला नाही. झाकण खाली आलं, तळ तिथेच राहिला, खोली वीतभर कमी झाली. आणि तिने जाऊन न बघता, पाठ असलेला आकडा घडाघडा म्हणून दाखवला. बघत असलेल्या माणसाला झाकण लावायला लावून.

ती सरळ साइटवर गेली. तो शेडमध्ये आपली पुस्तकं खोक्यात भरत होता.

"माझं पत्र मालकांना का नाही दाखवलंत?"

त्याला काय झालंय ते लगेच कळलं. त्याने खोकं खाली ठेवलं.

"दाखवून काय झालं असतं?"

"तुमची नोकरी राहिली असती!"

"आणि तुमची बढती? यादी पंधरा दिवसांवर आलीय म्हणे."

"माझी काळजी करा असं मी कुठल्या अर्जात लिहिलं होतं?"

"काही गोष्टींना अर्ज लागत नाही, मॅडम."

"लागतो!" तिचा आवाज चढला. बाहेर कुणाचं तरी फावडं थांबलं. "सगळ्याला लागतो. त्याच रस्त्यावर आणखी तीन इमारतींच्या फाइली माझ्या टेबलावर आहेत. तिन्हींना मी सात फूट लिहून दिलंय. तुम्ही गप्प बसलात, मी गप्प बसले, तर त्या घरांच्या न्हाणीघरात पाणी उलटं वर येईल. तेव्हा काय करायचं? तिघा इंजिनिअरांनी माझ्यासाठी नोकऱ्या सोडायच्या?"

तो जरा ओशाळला. "तीन फाइली मला माहीत नव्हत्या."

"नव्हत्या माहीत, तर विचारायचं होतं."

"चूक माझीही आहे," तो हळूच म्हणाला.

"तुमची कशी? सात मी म्हणाले."

तो काहीतरी सांगणार होता. ओठांपर्यंत आलेलं त्याने गिळलं. "आहे... सांगेन कधीतरी."

तिला वाटलं, हा शिष्टाचार म्हणून बोलतोय. शिष्टाचाराचा तिला त्या दिवशी विशेष राग आला.

ऑफिसात साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं होतं, एवढंच.

"हे बघ पोरी, तिन्ही फाइली मागव, आकडा बदल, नकाशा दुरुस्त कर. काम झालं. त्या इंजिनिअरने स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केलीय ना? मग आपण कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा? तू फाइलवर लिहिलंस तर मला ते वर पाठवावं लागेल. यादीतून नाव जाईल. आठ वर्षं थांबलीस त्यासाठी."

"त्याची कबुली खोटी आहे, साहेब."

"असू दे की. खोटी कबुली देणारा माणूस मिळतो कुणाला?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते कार्यालयीन नव्हतं.

ती टेबलावर येऊन बसली. कोरी नोट समोर ओढली. खिडकीशी चार माणसं उभी होती, पंखा नेहमीसारखा खडखडत होता. मोठे निर्णय घ्यायला कुणी वेगळी शांतता आणून देत नाही. तिने लिहिलं:

'सदर चेंबरची खोली प्रत्यक्ष न मोजता जुन्या नकाशावरून कळवण्यात आली. अर्जदाराच्या इंजिनिअरने त्या पत्राप्रमाणेच काम केले. त्यांच्याकडून चूक झालेली नाही. चूक खाली सही करणारीची आहे. याच रस्त्यावरील तीन प्रकरणांत हा आकडा त्वरित दुरुस्त करावा. प्रत माहितीसाठी: अर्जदार.'

आणि खाली सही केली. तीच, वळणदार, ठाशीव.

*

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. उलट तिला खिडकीवरून उचलून नकाशा-विभागात टाकलं आणि हुकूम निघाला, की शहराच्या या भागातलं प्रत्येक झाकण उघडून खोली नव्याने मोजावी. एकूण झाकणं चारशे बारा. ही शिक्षा होती. तिला ती मनापासून आवडली, पण हे तिने कुणाला कळू दिलं नाही. नाहीतर तीही काढून घेतली असती.

"गेली ना बढती?" आत्याने विचारलं.

"गेली."

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी नाही गं. आकड्यासाठी."

"बरं, आकड्यासाठी," आत्या म्हणाली. "आकड्याचं लग्न झालंय का?"

ती हसली. मग जरा वेळाने, उष्टी ताटं उचलताना, तिच्या लक्षात आलं की त्याचा पत्ता, त्याचा फोन, काहीच आपल्याकडे नाही. जे होतं ते फाइलमध्ये होतं, आणि फाइल आता दुसऱ्या टेबलावर होती. दुसऱ्याच्या फाइलीत डोकावायचं नाही असाही एक नियम होता. तिचाच.

अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती आणि रस्ता धुतलेल्या पाटीसारखा चकचकत होता. सदतिसावं झाकण. सोबतीला दिलेला माणूस रजेवर. ती काठ्या रोवून, लाल फडकी बांधून, रस्त्यावर पालथी पडली होती, तोंड चेंबरच्या काठाबाहेर राखून. टेप सोडली. तळाशी अंधार. आरसा मागे फुटपाथला टेकून ठेवलेला, हात पुरेना. बाजूला कुणाची तरी पावलं थांबली.

"ओ दादा," ती मान न वळवता म्हणाली, "जरा तो आरसा घेऊन ऊन आत पाडता का?"

"दादा सोडून दुसरं काहीही म्हणा," वरून आवाज आला. "पण आरसा धरतो."

ऊन आत उतरलं. थरथरत होतं. त्या दिवशी तिच्या हातातलं अजिबात थरथरलं नव्हतं.

"हलू नका," ती म्हणाली.

"प्रयत्न करतोय."

"पाच फूट आठ इंच." तिने आकडा उघड्या वहीत लिहिला आणि मगच उठली. कपाळाला चिखल लागला होता, तो तिला माहीत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. आरसा अजून तसाच धरलेला, आता उन्हाचा तुकडा समोरच्या दुकानाच्या पाटीवर नाचत होता.

"झाकण विचारून काढलंय ना?" त्याने विचारलं.

"रीतसर."

"मालकांना तुमचं पत्र मिळालं. पहिल्या तारखेपासून परत बोलावलंय. 'मग आधी का नाही बोललास, गाढवा' म्हणाले."

"बरोबर म्हणाले."

"मॅडम, एक सांगायचं राहिलंय." त्याने आरसा खाली ठेवला. खिशातून टेप काढली, तीच. उगाच ओढली, सोडली. "त्या दिवशी... पहिल्या दिवशी. तुम्ही आरसा धरलात ना, तेव्हा माझं मोजून झालं होतं. टेप ओली झाली होती सव्वासहाला. मी बघितलं होतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"मग?"

"मग तुम्ही सात म्हणालात."

"अहो, तुमच्या हातात टेप होती! ओली! तुम्ही विटा पाण्यात बुडवून बघता, माल मुठीत दाबून बघता, आणि मी नुसतं सात म्हटलं तर—"

"तर मी टेप पुसून टाकली." त्याने मान खाली घातली. "जन्मात पहिल्यांदा कुणाचं न तपासता ऐकलं. का ऐकलं, ते तेव्हा कळलं नाही. लाइन उखडताना आठ दिवस विचार करायला वेळ मिळाला... तेव्हा कळलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली, घंटी वाजवत, त्यांना वळसा घालून.  तिला राग आला होता, म्हणजे यायला हवा होता. तो शोधत ती उभी होती आणि तो सापडत नव्हता.

"म्हणजे," शेवटी ती म्हणाली, "फाइलवर अर्धी चूक तुमची लिहायला हवी होती."

"पुरवणी जोडा. मी सही करतो. आणखी एक अर्ज द्यायचाय."

"कसला?"

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला 'ताई' म्हटलं होतं. ते मागे घ्यायचंय. कुठल्या खिडकीशी जाऊ?"

आता मात्र ती हसली. तोंडावर हात न ठेवता, भर रस्त्यात, उघड्या गटाराच्या काठावर. मग वाकून झाकणाला हात घातला. त्याने दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते जागेवर बसवलं. लोखंड लोखंडावर बसल्याचा तो जड, समाधानी आवाज झाला.

तो कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेला आणि सवयीने दोन ग्लास घेऊन आला. सवयीनेच दोन्ही आपल्याच हातात धरून उभा राहिला. तिने पिशवीत हात घातला. बाटली हाताला लागलीही. तिने ती तशीच राहू दिली.

"तुम्ही आता माझे अर्जदार नाही," ती जणू स्वतःलाच नियम वाचून दाखवत म्हणाली. "मी तुमची तपासनीस नाही."

"नाही."

"मग द्या."

त्याने ग्लास पुढे केला. देता-घेताना बोटांना बोटं लागली. चहा कडक होता, आणि गरम, आणि वाट बघून बघून गोड झाल्यासारखा भलताच गोड. तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"साखर फार आहे," ती म्हणाली.

"बदलून आणू?"

"नको." तिने ग्लास दोन्ही हातांत धरला आणि वर पाहिलं—बरंच वर पाहावं लागलं. "उद्या कमी सांग."

त्याला ते 'सांग' ऐकू गेलं. त्याने उरलेला चहा संपवला. मग तिचा आरसा उचलून काखेत मारला आणि पुढच्या झाकणाच्या दिशेने चालू लागला.

अजून तीनशे पंचाहत्तर बाकी होती.